खुर्च्या कुणाच्या

आपण सज्जन आहोत असे सरकारकडून लिहून घ्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी आम्ही गॅरेजमध्ये जमलो होतो. सरकारी भाषेत याला धर्मादाय संस्था म्हणून करसवलतीची मान्यता मिळवणे म्हणतात.

गॅरेज मालकाला परत हवे होते. तेथे ताईची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, कार्यशाळा चाले. लोकांनी टाकलेल्या व्हीलचेअर दुरुस्त करायच्या आणि ज्याला चालता येत नाही त्याला वापरायला द्यायच्या. पगार कुणालाच नव्हता. ताई स्वतः अशाच एका खुर्चीत बसून चाकांचे स्पोक आवळत असे. आता इस्पितळाने तळमजल्यावरची मोठी खोली आणि आपल्या जुन्या खुर्च्या फुकट देऊ केल्या होत्या. मात्र मान्यताप्राप्त संस्थेलाच. मान्यता नाही तर खोली नाही, खोली नाही तर कार्यशाळा बंद.

"मग घोडं पेंड खातंय कुठे?" सिस्टरने विचारले. निवृत्त परिचारिका असूनही तिला सगळे अजून सिस्टरच म्हणत.

"आईपाशी," ताईचा मुलगा, माझा भाचा, म्हणाला. तो करसल्लागार, आईच्या संस्थेला सल्ला फुकट देत असे, आणि तो फुकट आहे याची आठवणही.

ताईची एक रीत होती. नगरपालिकेची निवडणूक आली की खुर्च्या वापरणाऱ्यांना घेऊन ती प्रत्येक उमेदवाराच्या कचेरीवर जाई. खुर्ची आत गेली तर ठीक. नाही गेली, तर सगळे पायऱ्यांखाली संध्याकाळपर्यंत बसत आणि पाटी लावत: 'या उमेदवाराकडे आम्हांला जाता आले नाही.' मागच्या खेपेस असे दोन उमेदवार पडले. ते पाटीमुळे पडले असे मुळीच नाही. पण त्यांना तसे वाटले, आणि शत्रुत्वाला तेवढे पुरते.

"उतार बांधा अशी मागणी केलीत तर चालतं," भाचा समजावू लागला. "पण निवडणुकीत अमुक उमेदवाराविरुद्ध पाटी लावली, की मान्यता गेली."

मी दानधर्माच्या कायद्यांचा इतिहास आयुष्यभर शिकवला. शतके बदलली, राजे गेले, खाती आली; एक अट मात्र कुणी हलवली नाही. पंगूला आधार देणाऱ्याला राज्य सवलत देते. त्या राज्याच्या दाराला पायऱ्या का, हे पंगूने स्वतः विचारले की तेच राज्य त्याला राजकारणी ठरवते. मी हे बोलून दाखवले.

"मामा, व्याख्यान छान आहे," भाचा म्हणाला. "पण अर्जात त्याला जागा नाही."

"मी एकटी गेले तर?" ताईने विचारले.

"एकटी कशी? तू अध्यक्ष आहेस. राजीनामा दिलास तर गोष्ट वेगळी. आणि खुर्च्यांचं काय?"

ही अडचण आमचीच करणी होती. चोरीला जाऊ नयेत म्हणून ताईने हट्टाने प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर संस्थेचे नाव हातभर अक्षरांत रंगवले होते. त्या खुर्च्या पायऱ्यांखाली ओळीने लागल्या की वेगळी पाटी लावायची गरजच नव्हती.

"त्या दिवसापुरत्या खुर्च्या जमा करून घेता येतील," भाचा म्हणाला.

शिंपीकाका आमची खुर्ची कित्येक वर्षे वापरत होते. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिले. "म्हणजे मी रांगत जाऊ? फार शिकलास रे. पाय असल्यासारखं बोलतोस."

भाच्याचा चेहरा उतरला. तो वाईट मुलगा नव्हे. कायद्याच्या पोटात शिरून बाहेर पाहणाऱ्याला माणसे लहान दिसतात, इतकेच.

"खुर्च्या देऊन टाका," ताई म्हणाली. "अर्ज करायच्या आत. उसन्या नाहीत, कायमच्या. जो बसेल त्याची खुर्ची."

"मग कुणी बरं झालं, कुणी गेलं, तर परत कशी येणार?" सिस्टर कळवळून म्हणाली. "पुढच्याला काय देऊ?"

"मागायची. ज्याला द्यायची असेल तो देईल."

"आणि तू?"

"मी राजीनामा देते. अध्यक्ष तू हो."

ती कार्यशाळा ताईने, पाय गेल्यावर लोक तिची कीव करू लागले तेव्हा, त्यांची तोंडे बंद करण्यासाठी उभी केली होती. मी म्हणालो, की मान्यता गेली खड्ड्यात. दुसरी जागा शोधू, भाड्याने घेऊ.

"प्राध्यापक," ताई हसून म्हणाली, "तुझा राग सुबक असतो. पण त्याला भाडं भरायची सवय नाही."

ठराव झाला. विरोधात माझे एकट्याचे मत पडले. पुढच्या आठवड्यात शिंपीकाकांनी स्वतःच्या हाताने आपल्या खुर्चीवरचे नाव खरवडून काढले, मग इतरांनी आपापल्या. ताईने किल्ली सिस्टरच्या हातात दिली आणि तेलाची डबी कुठे ठेवते ते दोनदा सांगितले. मान्यता आली, खोली मिळाली. उद्‌घाटनाला ताई मागच्या रांगेत होती. भाषणात तिचे नाव कुणी घेतले नाही, कारण भाच्याने तसे बजावले होते. भाषणभर तो आईकडे पाहत नव्हता.

निवडणूक लागली. पहिल्याच कचेरीला सात-आठ पायऱ्या. ताई, शिंपीकाका आणि आणखी तिघे खाली ओळीने बसले. ताईची खुर्ची ढकलायला मी होतो.

एक कार्यकर्ता धावत खाली आला. "कोणत्या संस्थेतर्फे आलात?"

"संस्था नाही," ताई म्हणाली. "मतदार आहोत. साहेबांना भेटायचंय."

"मग साहेबांनाच खाली बोलावतो ना!"

"त्यांना बसू दे वर. आम्हांलाच वर यायचंय."

तो आत गेला आणि दोन दांडगे तरुण घेऊन परतला. त्यांनी बाह्या सारल्या, अदबीने वाकले. "मावशी, घाबरू नका. अलगद उचलतो तुम्हांला."

ताईने दोन्ही ब्रेक लावले.

"मला नका उचलू," ती म्हणाली. "पायऱ्या उचला."