आबांच्या फोनवरचा बाण

त्या दिवशीही आबांचा फोन आलाच. त्यांची लेक राजलक्ष्मी इंदापूरच्या कॉलेजात तासाला निघाली होती.

"राजी, छकुलीचा उतारा लई वाढलाय. दोनशे चाळीस! डब्यात काय दिलंस?"

"पोहे, आबा. इन्सुलिन घेतलंय तिनं. उतरेल."

"बटाटा घातला असशील."

"घातला. आणि मला दिसतंय सगळं. तास आहे माझा."

"शिकव, शिकव. ठिवतो."

आबांचा जन्म सोमेश्वरनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेला. तिथं उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, वाढला की सगळे खूश. नातीच्या बाबतीत आकडा वाढला की आबांना घास गिळवत नसे. नऊ वर्षांच्या छकुलीला मधुमेह निघाल्यापासून तिच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला असे. तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा तिच्या दप्तरातल्या फोनला कळवी आणि तिथून तो आईच्या नि आबांच्या फोनवर उमटे. आकड्याशेजारी एक बाण: चढतेय की उतरतेय ते सांगणारा. साखर फार उतरली तर शुद्धच हरपायची, म्हणून तेव्हा फोन गजर करी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच आबा गेले.

तेरावा उरकून राजलक्ष्मी इंदापूरला परतली आणि तिची झोपच उडाली. पूर्वी फोन उशाशी ठेवला की ती गाढ झोपायची. आता गजर होवो न होवो, ती दचकून उठे, आकडा बघे, पोरीच्या कपाळाला हात लावे. नवरा म्हणाला, पाळ्या लावू. त्याच्या पाळीलाही ती जागीच. एकदा तर वर्गात शिकवता शिकवता वाक्य अर्ध्यावर सोडून ती नुसतीच उभी राहिली. असं किती दिवस चालणार होतं?

रविवारी ती छकुलीला घेऊन माहेरी आली. आबांचा फोन बंद करायचा आणि भावाला पहाऱ्यावर घ्यायचं, असं ठरवूनच.

"आई, आबांचं नाव काढते यातून. दीपकचं घालते."

कुशाबाईंनी फोन पदराखाली घेतला. "ट्रॅक्टरवर बसला की दीपकला हाक ऐकू येत न्हाय, फोन काय ऐकू येतोय! माझ्याकडं राहू दे."

"तुला आकडे कुठं कळतात?"

"बाण कळतो की. खाली वळला की तुला फोन लावायचा. त्यांनीच शिकवलंय."

"कधी?"

"दुपारचा त्यांचा डोळा लागायचा. तवा मला बसवायचे राखणीला. रातभर जागल्यावर दुसरं काय हुणार?"

"रातभर? अगं, गजर होतो ना फोनचा."

"मी बी तेच म्हणायची. तर म्हणायचे, वाजला आन् कुणी उठलंच न्हाय तर?"

तेवढ्यात पदराखालचा फोन किंचाळला. अंगणात लंगडी खेळणारी छकुली आपण होऊनच थांबली, आत आली, ग्लुकोजचं पाणी प्यायली आणि तोंड वाकडं करून पायरीवर बसली. मायलेकी फोनकडे बघत राहिल्या. खाली वळलेला बाण आधी आडवा झाला. बऱ्याच वेळानं वर वळला.

"जाऊ आता खेळायला?" छकुलीनं विचारलं.

"बिस्किट खा, मग जा," राजलक्ष्मी म्हणाली.

कुशाबाई उठून भिंतीवरच्या फोटोसमोर गेल्या. "वाढली हो. बसा आता निवांत," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. मग लेकीकडे वळल्या. "असं रोज सांगते मी. तू आल्यापास्नं फोटोकडं बघितलं बी न्हायस. बोल की कायतरी."

"काय बोलू?"

"मला काय ठावं? तुमचं तुमी बगा," म्हणत त्या नातीसाठी बिस्किटं काढायला स्वयंपाकघरात गेल्या. जाताना फोन घेऊन गेल्या; राजलक्ष्मीनं मागितला नाही.

ती फोटोसमोर उभी राहिली.

"आबा," ती म्हणाली, "तुमच्या जिवावर मी झोपायचे."