शेवटी येणाऱ्याची कडी

आमच्या घरात एक नियम होता: शेवटी येईल त्याने कडी लावायची. आणि शेवटी येणारा कायम एकच, माझा नवरा. बसचा ड्रायव्हर तो, शेवटची गाडी डेपोत लावून यायचा. कडी वाजली की सासूबाई झोपेतच विचारायच्या, "आलास?" तो म्हणायचा, "हं." मग कुठे त्यांचं घोरणं सुरू व्हायचं. लग्न झाल्यापासून त्या दाराची कडी मी रात्री कधी लावलीच नाही.

पूर आला तेव्हा त्याने बसमधून माणसं उंचावर आणून सोडली. पहिल्याच फेरीत मला, सासूबाईंना आणि आमच्या लेकीला, पिटुकलीला आणलं. "उरलेल्यांना घेऊन आलोच," म्हणाला आणि गाडी वळवली. ती फेरी अजून पुरी झालेली नाही.

आता आम्ही छावणीतल्या पत्र्याच्या खोलीत राहतो. अशा खोल्यांच्या रांगाच रांगा, मधे साचलेली डबकी आणि दिवस कलला की डास. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. फवारणीवाले भिंतींवर औषध मारून गेले, तर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी ओलं फडकं घेऊन भिंती लख्ख पुसून काढल्या. का, तर पांढरे डाग दिसतात, मुलगा आला तर काय म्हणेल. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग आरोग्य केंद्रातली ताई औषध लावलेल्या मच्छरदाण्या घेऊन आली. चार माणसांना दोन.

"चौथं माणूस कुठंय?" तिने विचारलं.

"येतोय," सासूबाई म्हणाल्या. ताईने दोन्ही मच्छरदाण्या तिथेच ठेवल्या.

एका मच्छरदाणीत मी आणि पिटुकली. दुसरीत सासूबाईंनी मुलाचं अंथरूण घातलं, चारी कडा नीट खोचल्या आणि स्वतः उघड्या दाराशी चटई टाकून आडव्या झाल्या.

"आई, मच्छरदाणी माणसासाठी असते," मी म्हटलं. "चादरीला डास चावत नाहीत."

"त्याची जागा आहे ती. आणि इथली सगळी दारं सारखीच. बंद दिसलं तर तो पुढे निघून जाईल."

रोज संध्याकाळी मी वाद घालायचे आणि रोज पालथ्या घड्यावर पाणी. पण खरं सांगू? मलाही ते घातलेलं अंथरूण बरं वाटायचं. पहाटे अर्धवट जाग आली की जाळीआडून फुगलेली उशी दिसायची आणि तेवढ्यापुरता तो घरी असायचा. मला तो हवा होता. लोक म्हणतात तसा आधारबिधार म्हणून नाही. डिझेलचा वास मारणारा तो आणि त्याचा सदरा, दोन्ही हवे होते. त्या वासावरून मी त्याला किती बोलले असेन.

मग सासूबाईंना हुडहुडी भरून ताप आला. ताईने बोटातून रक्त घेतलं, मलेरिया निघाला. गोळ्यांनी ताप उतरला, पण बाई निम्म्या झाल्या.

"आजी, गोळ्या सगळ्या संपवा, मधेच सोडू नका," ताई म्हणाली. "पुन्हा झाला तर झेपणार नाही तुम्हाला. आणि तुम्हाला चावलेला डास नातीलाही चावतो. दिवेलागणीआधी दार लावायचं आणि जाळीत झोपायचं."

"हो हो," सासूबाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी चटई पुन्हा दाराशी.

माझं डोकंच फिरलं. चटई ओढूनच काढणार होते. पण चटईवर टेकलेलं त्यांचं मनगट दिसलं, बांगडी पार कोपरापर्यंत सरकलेली. माझा राग जागच्या जागी विरला. मी शेजारी बसले.

"आई, आपली पिटुकली घरी बापाच्या जागेवर जाऊन झोपायची, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? तो यायचा आणि तिला उचलून बाजूला ठेवायचा. ही बया पाय झाडायची."

"म्हणजे घरात आल्यावर तो आधी कुणाला हात लावायचा?"

"तिलाच की," सासूबाई म्हणाल्या.

"दाराशी झोपलात तर तुम्हाला ओलांडून जाईल तो," मी म्हटलं. "त्याच्या जागेवर झोपलात तर आधी तुम्हालाच उठवावं लागेल."

"आणि दार?"

"माझी हिरवी ओढणी बाहेरून बांधते. लांबून ओळखेल. मग ठोठावेल की, हात आहेत त्याला."

सासूबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि मुलाच्या अंथरुणावर जाऊन पडल्या, अगदी कडेला, त्याला जागा ठेवून. जाळीला अंग टेकलं तर डास बाहेरून चावतो, म्हणून मी त्यांना मधे सरकवलं आणि कडा खोचल्या. पिटुकलीला आमच्या जाळीत घातलं. बाहेर जाऊन ओढणी बांधली आणि आत आले.

कडीला हात लावला आणि हात तिथेच राहिला. लावली की तो बाहेर राहणार, असं वाटत होतं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. आज शेवटी आलेली मीच होते.

कडी वाजली. जाळीत सासूबाईंनी कूस बदलली.

"आलास?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

मी कडीवरचा हात काढला.

"हं," मी म्हटलं, तो म्हणायचा तसं.

थोड्या वेळाने त्यांचं घोरणं सुरू झालं. पुरानंतर ते पहिल्यांदाच ऐकू आलं. मी पिटुकलीशेजारी शिरले, आतून कड खोचली आणि ते ऐकत पडून राहिले.