हातचा चार

स्टुडिओ तळघरात आहे. पूर्वी तिथे शिवणकामाचा कारखाना होता, त्यामुळे गालिचातून अजूनही टाचण्या निघतात. म्हणून लेकीला मी खाली ठेवतच नाही. एक तर ती माझ्या अंगावर असते, नाहीतर काचेपलीकडच्या खोलीत, रेकॉर्डिंग करणाऱ्या साउंडकाकांच्या खुर्चीमागे, कुणाच्या तरी मांडीवर. त्या दिवशी नवरा कामाला बाहेरगावी गेलेला, म्हणून आई आली होती.

दादा गेल्यापासून आईने आमच्या बँडचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. दारातच तिने बजावलं, "बाळाला धरायला आलेय. गाणी ऐकायला नाही." आणि पिशवीतून कापूस काढून दोन्ही कानांत घट्ट कोंबला. तशीच बसली, लेकीला थोपटत, काचेकडे पाठ करून.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचा ड्रमर. मागच्या थंडीत जेवून उठला, हात धुताना छातीत कळ आली, आणि नळ चालूच राहिला. तोवर नव्या अल्बमचे ड्रम त्याने वाजवून ठेवले होते, एक गाणं सोडून. शेवटचं. नेमकं ते, जे त्याने माझ्या लेकीसाठी केलं होतं.

त्याचीही एक गंमतच. मी पोटुशी असताना सोनोग्राफीला नवऱ्याला जमलं नाही, म्हणून दादा सोबत आला. मशीनमधून बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू यायला लागले, तसा हा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर बोटांनी वाजवायला लागला. "अहो, हात!" त्या ओरडल्या. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाळ टेम्पोत पक्कं आहे गं. मामावर गेलंय. या वेगात वाजवलं तर नुसती पळापळ होईल, पण निम्मा केला ना, की अंगाई." घरी येईपर्यंत चाल तयार होती.

ती अंगाई अल्बमवर यायलाच हवी होती. तिच्याशिवाय अल्बम म्हणजे माझ्या लेकीला मामाच नव्हता असं म्हणण्यासारखं. आधी आम्ही साउंडकाकांच्या मागे लागलो, की बाकीच्या गाण्यांतले दादाचे ठोके उचलून इथे जोडा. त्यांनी जोडले बिचाऱ्यांनी. सगळे ठोके त्याचेच, पण ऐकताना अंगावर काटा आला. माणसाचे कपडे नीट घडी घालून खुर्चीवर बसवावेत, तसं वाटत होतं. आम्ही न सांगताच काकांनी ते पुसून टाकलं.

मग ड्रमवर आली नवी. तिला दुसरं नावच पडलं नाही. बुटकी, चटपटीत, आणि तोंडाने तिखट. आल्या आल्या तिने दादाचं स्टूल फिरवून खाली केलं. स्क्रू करकरला. माझ्या दाढा शिवशिवल्या, पण पाय पोचत नसतील तर ती तरी काय करणार?

तिने स्टूल खाली केलं, तरी ते ड्रम दादाचेच राहिले. माझ्या बास गिटारच्या जाड तारेवर एक खालचा सूर आहे. तो वाजवला, की खोलीपलीकडच्या स्नेअरच्या, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या चपट्या ड्रमच्या, तळाच्या तारा आपोआप थरथरतात. कुणी हात न लावता. दादा म्हणायचा, "बोलतोय तो. बोलू दे." तो असताना त्याचं काही वाटायचं नाही. आता ड्रमवर कुणी नसताना तो सूर लागला आणि पलीकडून कुजबूज आली, की मी बोट उचलायचे.

त्या दुपारी काही केल्या अंगाई जुळेना. नवी मोजायची, "एक, दोन, तीन, चार," आणि सुरू व्हायची. एकटीच. आम्ही तिघं, म्हणजे मी, गिटारवर लंबू आणि कीबोर्डवर मास्तर, एक मात्रा मागून. दर वेळी. आणि तिघं अगदी एकत्र.

"तू लवकर येतेस," लंबू म्हणाला.

"मी? मी चार म्हणते आणि येते. यात लवकर काय?"

"आम्ही तिघं बरोबर पडतोय ना? तीन माणसं एकाच वेळी चुकतील का?"

"मतदान आहे का हे, दादा?"

'दादा' हा शब्द तिने आपला सहज वापरला होता, कुणालाही म्हणतात तसा. लंबू गिटारचे कान पिळत बसला.

पुन्हा टेक. पुन्हा तेच. आता तर ती मुद्दाम थांबली, तसे आम्ही आणखी मागे गेलो. काचेपलीकडे काकांनी कपाळावर हात मारलेला दिसला.

नवीने काठ्या स्नेअरवर आडव्या ठेवल्या. रागाने नाही, हळूच. "ताई," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "खरं सांगा. मी नको असेन तर तसं सांगा. मी जाते. उद्यापासून मला दुसरं काम आहेच. पण हे असं... गेलेल्या माणसापुढे मी कितीही चांगलं वाजवलं तरी कमीच पडणार."

"तसं नाही गं," मी म्हटलं. पण आवाजात जोर नव्हता. लंबूने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेतलं मला कळलं, की मग ही अंगाई सोडूनच द्यायची. माझं बोट नकळत त्या खालच्या तारेवर पडलं. स्नेअर कुजबुजला. नवीने दचकून हात मागे घेतले.

आणि मास्तर फिसकन हसले.

मास्तर शाळेत गणित शिकवतात. भलत्या वेळी हसायची त्यांना खोडच आहे. "अरे देवा," ते म्हणाले, "आपण हातचा दोनदा मिळवतोय!"

"काय?" नवी म्हणाली.

मास्तर सांगायला लागले, आणि मला वाटलं, उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. दादाचं स्टूल तिला दिलं, काठ्या दिल्या, स्नेअरवर त्याने चिकटवलेली, घामाने काळी पडलेली पट्टीसुद्धा तशीच दिली. एवढं एक आमच्यात उरलं होतं. उरलंय हे मला तोवर कळलंही नव्हतं.

दादा चार कधी मोजायचाच नाही. "एक, दोन, तीन," एवढंच म्हणायचा, आणि चौथ्यावर श्वास ओढायचा. "तीन तोंडाने, चार हातचा," हे त्याचं वाक्य. लहानपणी चेंडू लागून त्याच्या नाकाचं हाड वाकडं झालं होतं, त्यामुळे तो श्वास बारीक शीळ घातल्यासारखा वाजायचा. आम्ही वर्षानुवर्षं त्या शिळेवर गाणी सुरू केली. बाकीच्यांना वाटायचं, यांचं काय जमतं बुवा. जमत काही नव्हतं, आमचा माणूस नाकाने वाजत होता, इतकंच.

"म्हणजे बघ," मास्तर म्हणाले, "तू चारही मोजतेस. तुझा हिशेब पुरा. आम्ही मात्र तुझ्या चारानंतर हातच्याची वाट बघतो. तो काही येत नाही. मग आपले धडपडत सुटतो."

"आणि इतक्या दिवसांत हे मला कुणी सांगितलं नाही?"

"आम्हालाच माहीत नव्हतं गं," लंबू म्हणाला. "आपण श्वासाची वाट बघतो, हे कुणाला माहीत असतं?"

नवीने काठ्या उचलल्या. मग मलाच विचारलं, "मग चारला श्वास कोणी घ्यायचा, ताई?"

मास्तरांनी चष्मा सारखा केला. लंबू छताकडे बघायला लागला.

"कुणीच नको," मी म्हटलं. "तीन म्हण आणि ती जागा मोकळी सोड. आम्ही येतो."

काकांनी काचेतून अंगठा दाखवला. त्यांच्या मागे आईची पाठ, आणि तिच्या खांद्यावर लेकीचं झोपलेलं तोंड, अर्धवट उघडं.

"एक," नवी म्हणाली. "दोन. तीन."

आणि आम्ही आलो. चौघंही, एका पावलाने चढावी तशी एकच पायरी. नवीच्या भुवया वर गेल्या, पण हात थांबले नाहीत. मी त्या खालच्या सुरावर गेले तेव्हा बोट उचललं नाही. स्नेअर बोलत राहिला. बोलू दे. शेवटचा ठोका विरेपर्यंत कुणी हललं नाही.

ऐकायला सगळे काचेपलीकडे गेलो. छोट्याशा खोलीत भिंतीला टेकून, एकमेकांच्या पायांवर पाय. काकांनी लावलं. "एक, दोन, तीन," आणि गाणं सुरू झालं.

काकांनी थांबवलं. मागे नेलं. आवाज वाढवला.

"श्वास कोणी घेतला?" त्यांनी विचारलं.

मोकळ्या सोडलेल्या जागेत तो होता. लहानसा, आत ओढलेला. त्याच्या टोकाला बारीक शीळ.

"ड्रमवरच्या माइकमध्ये आलाय," काका म्हणाले. "नवी, तुझा?"

"छे. मी तर भीतीने श्वास धरूनच बसले होते."

लंबूने नाही म्हणून मान हलवली. मास्तर या वेळी हसले नाहीत. काकांनी तेवढाच तुकडा परत एकदा लावला, मग आणखी एकदा, आणि त्यांचा हात माऊसवर थांबला. "साफ करू का? दोन मिनिटांचं काम आहे."

तेवढ्यात आई बोलली. काचेकडे पाठ, कानांत कापूस तसाच. कुणाशी नाही, खांद्यावरच्या लेकीशी. "नाकाचं हाड दाखवून घे, दाखवून घे, म्हणून मी घसा कोरडा केला. पण माझं ऐकेल तर शपथ."

काकांची खुर्ची करकरायची थांबली.

"माझा आहे," मी म्हटलं. "श्वास माझा आहे, काका. राहू दे."

बास घेऊन मी पलीकडच्या भिंतीशी उभी होते. ड्रमच्या माइकांपासून सगळ्यात लांब. तिथे मला उभं काकांनीच केलं होतं. त्यांनी त्या भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"बरं," ते म्हणाले. "तुझा तर तुझा. राहिला."

लेक जागी झाली. भुकेने तोंड इकडे तिकडे फिरवायला लागली. मी आईजवळ बसले, तिला अंगावर घेतलं, ओढणी सारखी केली. ती लुचायला लागली, घाईघाईने, नेहमीसारखी.

आईने एका कानातला कापूस काढला. मग दुसऱ्यातला. दोन्ही बोळे मुठीत धरून काकांना म्हणाली, "परत लावा हो. सुरुवातीपासून."

काकांनी लावलं.

एक. दोन. तीन.

लेक दूध ओढता ओढता थांबली, आणि डोळे उघडून माझ्या खांद्यामागे बघायला लागली.