लेखक एक की दोन

वारज्यातल्या चर्चच्या मंडळीचा बायबल अभ्यास दर बुधवारी पाळकसाहेबांच्या, म्हणजे जयसिंग साळवींच्या घरी असे. त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई आत चहा करता करता सगळं ऐकत.

त्या बुधवारी उल्का गायकवाडनं वाद उकरून काढला. ती हिंजवडीत प्रोग्रॅमर होती. कंपनीच्या बसमधून उतरून तशीच आली होती, ओळखपत्र अजून गळ्यातच.

"पौलाच्या नावावरची सगळी पत्रं पौलाची नाहीत म्हणतात," ती म्हणाली. "तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांची भाषा वेगळी वाटते. आणि इब्री लोकांस पत्रावर तर नावच नाही. एका अभ्यासकाचं म्हणणं, ते प्रिस्किल्लेचं असेल."

"बाईचं?" पाळकसाहेब हसले. "अगं, वयाप्रमाणे माणसाची भाषा बदलते."

"मोठे शब्द बदलतात. 'पण', 'तर', 'म्हणजे' नाही बदलत, ते नकळत पडतात. ते मोजून लेखक ओळखणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय."

"मग माझे उपदेश मोज. प्रेमला, हिला सगळ्यांची सीडी करून दे."

प्रेमलाबाईंच्या हातातला ट्रे जरा कलला. त्या साहेबांचे उपदेश टाईप करतात, असं मंडळी समजत असे. खरी गोष्ट अशी की, एका वर्षी साहेबांना कावीळ झाली, तेव्हा बाईंनी लिहून दिलं. लोकांनी वाखाणलं. तेव्हापासून साहेब फक्त वचन निवडत, बाकी सारं बाई लिहीत. नाताळ आणि अंत्यविधी तेवढे साहेबांनी स्वतःकडे ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी बाई कॉम्प्युटरपुढे बसल्या. नुसते आपलेच उपदेश दिले तर लेखक एकच निघेल, साहेबांची लाजही राहील. त्यांनी तसं केलंही असतं. पण ते "बाईचं?" कानातून जाईना. त्यांनी साहेबांची नाताळची भाषणं घातली, अंत्यविधीची घातली, आणि वर महिला मंडळासाठी स्वतःच्या सहीनं काढलेली निवेदनंही घातली.

पुढच्या बुधवारी उल्का आली. निकाल साहेबांनीच विचारला.

"लेखक दोन निघाले," ती म्हणाली. "नाताळचा आणि अंत्यविधीचा एक. रविवारचा दुसरा."

साहेबांनी चष्मा पुसला. "दुसरा पवित्र आत्मा."

सगळे खदखदून हसले. उल्काही हसली.

"असेल. पण महिला मंडळाची निवेदनंही तोच लिहितो."

आता सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. बाई म्हणाल्या, "बिस्किटं घ्या ना."

मंडळी गेल्यावर साहेब म्हणाले, "मुद्दाम केलंस."

"हो."

"मग रविवारचं काय?"

"अहो, पवित्र आत्म्याचा गुडघा दुखतोय. या वेळी आपणच लिहा."

रविवारी साहेब उभे राहिले. "आजचा उपदेश माझा आहे," ते म्हणाले. "आधीचे हिचे. हे मी पूर्वीच सांगायला हवं होतं." मग अडखळत दोन-चार गोष्टी सांगितल्या आणि खाली बसले. मागच्या बाकावर बाईंचे डोळे भरून आले.

बाहेर पडताना मंडळीतले सगळ्यांत जुने सभासद तात्याराव त्यांच्यापाशी थांबले. "बाई, तुमचे उपदेश फारच छान. पण आजचा लवकर आटपला, ते बरं झालं."

हे मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. घरी पोचेपर्यंत त्यांनी साहेबांना सांगूनही टाकलं, की पुढच्या रविवारी बोलायला त्या स्वतः उभ्या राहणार आहेत, आणि तात्यारावांना पहिल्या बाकावर बसवायचं आहे.