जावेच्या चेहऱ्यावर मावशी

त्वचेच्या डॉक्टरांनी माझ्या गालांवरचे लाल चट्टे निरखून पाहिले आणि हे कशाने झालं ते विचारलं. मी म्हटलं, "मांजराचं नाक चिकटवल्याने." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग तीन प्रकारचे गोंद माझ्या दंडावर लावून पाहिले. दोन दिवसांनी तिन्ही जागी चट्टे.

"यापुढे चेहऱ्याला गोंद लावायचा नाही," ते म्हणाले.

"थोडासा, कडेकडेने?"

"बाई, माणसाला चेहरा एकच असतो."

मला दोन होते, पण ते त्यांना कसं सांगणार?

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. लोकांच्या जबड्यांचे साचे दिवसभर माझ्या टेबलावर आ वासून पडलेले असतात आणि त्यांचे मालक मला कधी दिसत नाहीत, मी त्यांना दिसत नाही. ते मला खुपत नव्हतं, कारण वर्षातून चार वेळा मी 'खेळा'ला जायचे. शहराबाहेर एक बंद पडलेला विटांचा कारखाना आहे. तिथे आम्ही साठेक जण शनिवार-रविवार जमतो आणि दोन दिवस दुसरंच कुणीतरी होऊन राहतो. प्रेक्षक नाहीत, पाठ केलेले संवाद नाहीत. एक कल्पनेतलं बंदर आहे. त्यात कुणी सरदार, कुणी चोर, कुणी व्यापारी, आणि बोलायचं, भांडायचं, जेवायचं ते सगळं त्या पात्रासारखं. मी त्यात अर्धी बाई, अर्धं मांजर. बंदरातली सगळी गुपितं विकत घेणारी आणि दामदुपटीने विकणारी. मला सगळे मावशी म्हणतात.

मावशीचं नाक मीच घडवलेलं. सिलिकॉनचं, वरच्या ओठाला दुभंग असलेलं, कडा इतक्या पातळ की त्वचेत विरून जाव्यात. सुळे लॅबमधले. मिशा झाडूच्या नायलॉनच्या काड्यांच्या. डाव्या डोळ्याभोवती तांबूस डाग, बाकी चेहरा राखाडी, केस न् केस ब्रशने ओढलेला. अडीच तास लागायचे. पण मावशी पायऱ्या उतरून बाजारात आली की सरदारसुद्धा बोलणं थांबवायचा. अकरा वर्षं. लॅबमध्ये माझ्या येण्याने पंख्याचं पातंही हलत नाही.

खेळ रचणारा आमचा सूत्रधार एरवी करखात्यात कारकून आहे. त्याला मी डॉक्टरांचं सांगितलं तेव्हा तो घरी आला आणि आधी माझ्या तब्येतीबद्दल हळहळला, साधारण अर्धा मिनिट.

"या वेळचा अख्खा खेळ मावशीवर बेतलाय गं," तो म्हणाला. "तहाचा कागद तिच्याकडे आहे. तिला मारता येत नाही, गावाला पाठवता येत नाही."

"मग नाकाशिवाय येऊ?"

"नाकाशिवाय मावशी म्हणजे डोक्याला कान लावलेली बाई." मग म्हणाला, "चेहरा तर तूच करतेस. दुसऱ्या कुणाच्या तोंडावर कर. आणि कुणाला कळता कामा नये. कळलं की लोक मावशी सोडून आतलं माणूस शोधत बसतात."

तेवढ्यात माझी धाकटी जाऊ चहा घेऊन आली. ती दोनदा खेळात कोळीण म्हणून येऊन गेली होती, हौसेने. तिने ट्रे ठेवला, दारापर्यंत चार पावलं टाकली आणि मान न वळवता नुसते खांदे वळवून मागे पाहिलं. माझी चाल. माझीच, सही न् सही.

"मी करू का, ताई?" ती म्हणाली.

सूत्रधाराचे डोळे चमकले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू? ही या घरात आली तेव्हापासून माझ्या पोटात दुखतं. तिची भाजी करपली तर सासूबाई म्हणायच्या, खमंग झालीय. माझी करपली तर करपली. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे हातपाय वाकवते आणि लोक तिच्या पाया पडून जातात. माझ्या नवऱ्याची पाठ धरली की तोही, "अगं, तिला बोलाव." सगळं तिचं, ठीक आहे. मावशी तेवढी माझी होती. आता तिथेही आयत्या बिळावर नागोबा.

पण नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं असतं तर मावशीच संपली असती.

माझं नाक तिला बसेना. तिचा चेहरा निमुळता, नाकपुडीशेजारी फट राहिली. मला केवढा आनंद झाला! पण सूत्रधार म्हणाला, नवं कर. म्हणजे तिच्या चेहऱ्याचा साचा घेणं आलं. तिला खुर्चीत मागे रेलवलं, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या आणि दातांचे ठसे घ्यायचा गुलाबी लगदा तिच्या तोंडावर थापला, त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या. वीस मिनिटं बोलायचं नाही, हलायचं नाही. काही त्रास झाला तर हात वर करायचा, ठीक असेल तर अंगठा दाखवायचा.

तिचे डोळे-तोंड बंद झाले आणि माझं उघडलं.

"तुला कळतं का गं, तू काय घेतेयस ते?" मी म्हटलं. "घरात तुझं कौतुक, इस्पितळात तुझं कौतुक. मला एक जागा होती. तिथे तरी यायचं नव्हतंस. मी तुला नाही म्हणू शकले नाही याचा अर्थ मला चालतंय असा नाही. मला तुझा राग येतो. रोज येतो."

प्लास्टरखाली तिच्या नाकपुड्यांतून श्वास ये-जा करत होता. मग तिने हळूच अंगठा वर केला.

आता याला काय म्हणायचं? साचा काढल्यावर तिने तोंड धुतलं आणि "छान निघाला का हो?" एवढंच विचारलं. ऐकू आलं होतं की नाही, तेही मला विचारवेना.

पुढचे तीन आठवडे मी लॅब सुटल्यावर तिच्या साच्यावर मावशीचं नाक घडवत बसले. काम चांगलं झालं तर मी गेले हे कुणाच्या गावीही नसणार. वाईट झालं तर अकरा वर्षांची मावशी माझ्याच हाताने विद्रूप. रडत रडत का होईना, चांगलंच केलं. पहिल्या नाकापेक्षाही चांगलं झालं.

खेळाच्या शनिवारी पहाटेच आम्ही दोघी कारखान्याच्या जुन्या ऑफिसात दार लावून बसलो. नाक चिकटवलं, कडा विरवल्या, राखाडी थर दिला, एकेक केस ओढला. हात सवयीने चालत होते. मिशा खोवून झाल्यावर मी तिला आरशासमोर उभं केलं.

"बाई गं!" ती म्हणाली. "हुबेहूब तुम्हीच."

मी तिच्या खांद्यावरून आरशात पाहिलं आणि मग तिला माझ्याकडे वळवून पाहिलं. तांबूस डाग उजव्या डोळ्यावर होता.

अकरा वर्षं मी एकच चेहरा रंगवला होता, माझा, आणि तोही आरशात बघून. आरशात मावशीचा डाग माझ्या डाव्या हाताला असायचा. आज समोर जिवंत चेहरा होता, मी सवयीने डाग माझ्या डाव्या हाताला काढला आणि तो तिच्या उजव्या डोळ्यावर गेला. तिला चूक दिसणं शक्यच नव्हतं. ती मला नेहमी समोरून बघायची. आज आरशात तिला तंतोतंत तेच दिसत होतं.

पुसून पुन्हा करायला अर्धा तास पुरला असता. वेळ होता.

मी ब्रश धुऊन ठेवले. म्हटलं, बघू या. ज्याने मावशीला खरंच पाहिलं असेल, त्याला कळेल. साठात एक तरी निघेलच. आणि ती एक कोण, हेही मला माहीत होतं: भिकारीण. खऱ्या आयुष्यात ती एका शाळेची मुख्याध्यापिका, पाचशे पोरं तिच्या आवाजाला टरकून असतात. खेळात ती बाजाराच्या पायरीवर फाटकं नेसून बसते आणि मी, म्हणजे मावशी, तिच्या शेजारी. अकरा वर्षं आम्ही त्या एका पायरीवर गुपितांची देवघेव केली. माझ्या चेहऱ्याचा केस न् केस तिला पाठ असणार.

सूत्रधाराने मला स्वयंपाकखोलीत बटाटे सोलायला बसवलं आणि बाहेर फिरकू नकोस म्हणून बजावलं. खिडकीला जाळी होती. त्या जाळीतून बाजार अख्खा दिसायचा.

मावशी पायऱ्या उतरून आली. सरदाराने बोलणं थांबवलं. व्यापारी बाजूला सरले. एकालाही काही वाटलं नाही. एक चोर तर तिच्या अगदी नाकाला नाक लावून गुपितासाठी गयावया करत होता आणि ती पंजाची नखं बघत बसली होती, जशी मी बसते. मी बटाटा सोलता सोलता निम्मा केला. मग ती भिकारणीच्या पायरीवर जाऊन बसली. भिकारणीने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. चांगलं दोन-तीन श्वास पाहत राहिली.

आता, मी मनात म्हटलं. आता उठेल.

ती सरकली आणि तिने मावशीला जागा करून दिली.

दिवसभर त्या दोघी तिथेच. मध्येच हसत होत्या. दुपारी मावशी चक्क खालच्या पायरीवर उतरून बसली आणि भिकारणीचा पाय तिने मांडीवर घेतला. मी असलं काही कधी केलं नव्हतं. मला वाटलं, चुकली! मांजर कधी कुणाचे पाय दाबतं का? पण आजूबाजूचे लोक बघत राहिले होते, आणि कौतुकाने.

उन्हं कलली तेव्हा भिकारीण गरम पाणी मागायला स्वयंपाकखोलीत आली आणि मला पाहून दारातच थांबली. बाहेर कुणी नाही असं बघून तिने दार लोटून घेतलं.

"तू इथे होय?" ती म्हणाली. "मला वाटलंच."

"काय वाटलं?"

"अगं, ती तू नाहीस ते आल्या आल्या कळलं मला. डाग दुसऱ्या डोळ्यावर आहे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी सोलाणं खाली ठेवलं. साठात एक. मला मिठी मारावीशी वाटली तिला.

"मग बोलली का नाहीस?"

"खेळ कसा मोडायचा? आणि ती बोलायला लागली, मग राहूनच गेलं." ती स्टुलावर बसली आणि पाय लांब केला. "कोण आहे गं ती? अकरा वर्षं त्या थंडगार पायरीवर बसून हा गुडघा कामातून गेलाय. तिने मला बसताना पाहिलं आणि विचारलं, दुखतो का? मावशीच्याच आवाजात हं, तोऱ्यात. मग दाबून दिला. आज पहिल्यांदा मी न कण्हता उठले."

"मी मांजर होते," मी म्हटलं. "मांजर कशाला विचारेल?"

"हो, तेही खरंच," ती म्हणाली. तिने पाण्याची किटली उचलली. "पुढच्या वेळी तीच येणार आहे ना?"

"मी कुठे आहे, असं नाही आलं तुझ्या मनात?"

ती थोडी ओशाळली. मुख्याध्यापिका ओशाळलेली मी त्या दिवशी प्रथमच पाहिली. "आलं होतं गं. विचारणारच होते कुणाला तरी." मग किटली घेऊन ती लंगडत नाही, चालत बाहेर गेली.

त्या दिवसाचा खेळ थांबल्याची घंटा झाली तशी मी ऑफिसात गेले. जाऊ आरशासमोर बसली होती, मिशा अजून ताठ, डोळे लुकलुकत होते. मी गोंद सोडवायचं तेल कापसावर घेतलं आणि तिच्या नाकाच्या कडांना लावायला सुरुवात केली. हे काम सावकाश करायचं असतं. तेल आत झिरपू द्यायचं, कड आपोआप उचलली जाते, मग हळूच सोडवत न्यायचं. घाई केली तर खालची त्वचा सोलवटते.

"ताई," ती म्हणाली, "दिवसभर धाकधूक होती हो. कुणी ओळखलं का?"

"नाही," मी म्हटलं. "कुणीच नाही."

"खरंच? ती भिकारीणसुद्धा नाही?"

"तीसुद्धा नाही."

ती सुखावून हसली, तसं नाकही हसलं. म्हणाली, "त्या दिवशी साच्यात होते ना, तेव्हा तुम्ही बोललात ते सगळं ऐकलं मी. वाईट नाही वाटलं. मला वाटलं, निदान मला सांगितलंत तरी. आज मी तुमचं नाव राखलं ना, ताई?"

"राखलंस," मी म्हटलं.

तेल जेमतेम कडेपर्यंत पोचलं होतं. आणखी पाच मिनिटं तरी थांबायला हवं होतं. मी नाक चिमटीत धरलं आणि ओढलं.