साहेबांची वही आणि हजार टेकाडे

मित्रांनो, बहारीनमधल्या गुदैबिया वस्तीतल्या एका चारमजली इमारतीच्या जिन्याखाली, रिकामे गॅस सिलिंडर आणि मोडका पाळणा यांच्यामध्ये जी हिरवी सायकल भिंतीला टेकून उभी आहे, ती मी. बसायची घाई करू नका. माझ्या मागच्या चाकात हवा नाही आणि घंटी तर कित्येक वर्षे मुकीच आहे. येत्या शुक्रवारी जिन्याखालचा पसारा काढून टाकणार, असे वॉचमन रहिमतुल्ला काल कुणाला तरी सांगत होता. म्हणून आजच सगळे सांगून टाकते.

माझा जन्म फ्रान्समधल्या एका लहान गावातल्या कारखान्यात झाला. शर्यतीत धावणाऱ्या सायकली तिथे होत नसत. निवांतपणे दूर दूर जाणाऱ्यांसाठी आम्हाला घडवत. म्हणून माझे टायर रुंद, कॅरिअर दणकट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जाड कापडी पिशव्या. माझे पहिले मालक एक इंजिनिअर होते. मी त्यांना साहेबच म्हणते. सुट्टी लागली की आम्ही निघायचो. कालव्याच्या काठाकाठाने वाट, दोन्हीकडे गव्हाची शेते, मधेच एखादा पडका किल्ला, जुने चर्च, दगडी पूल. तासन्तास माणूस भेटत नसे. साहेबांना त्याचे काही वाटत नसे, आणि मला तर मुळीच नाही.

साहेबांचा एक नियम होता. जुन्या वास्तूपाशी उतरायचे, आधी फलक वाचायचा, मग वास्तू बघायची, मग वहीत तिचे चित्र काढायचे. चित्राखाली जे लिहीत ते मोठ्याने पुटपुटतही असत. तिथे एवढ्याशा दगडालासुद्धा फलक असे. कधी कधी मला वाटे, साहेब दगडापेक्षा फलकच जास्त बघतात.

१९९२ साली साहेबांना बहारीनमध्ये नोकरी लागली आणि लाकडी खोक्यात बसून मीही आले. जनाबियातल्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतीआडच्या बंगल्यांच्या वसाहतीत, त्यांचा व्हिला होता. भोवती खजुराच्या बागा, लसूणघासाचे हिरवे वाफे आणि वारा! फ्रान्समधला वारा पाठीवर हात ठेवून बरोबर चालायचा. इथला वारा समोर उभा राहून छातीवर हात ठेवतो आणि विचारतो, कुठे निघालीस? तरी आम्ही जायचोच. समुद्राकाठचा किल्ला, बारबारच्या देवळाचे दगडी अवशेष, खमीसच्या मशिदीचे दोन मिनार, सगळे बघून झाले. आणि एक दिवस हमद टाउनच्या पलीकडचा माळ दिसला. माळभर मातीची टेकाडे. गोल, उलट्या पातेल्यासारखी, नजर पोचेल तिथवर. फलक मात्र एकही नाही.

साहेबांनी घरून जाड पुस्तक आणले, वाचले आणि वहीत चित्र काढले. टेकाड मधोमध कापल्यासारखे, आत दगडी कोनाडा, कोनाड्यात गुडघे पोटाशी घेऊन निजलेला हाडांचा सांगाडा आणि शेजारी मडके. खाली फ्रेंचमध्ये लिहिता लिहिता ते पुटपुटले, “थडगी. चार हजार वर्षांपूर्वीची.” मी ऐकले. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच होतो.

१९९६ मध्ये साहेब मायदेशी परतले. जाताना त्यांनी मला हरिदासच्या हवाली केले. हरिदास एसी दुरुस्त करणारा टेक्निशियन, मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला. कंपाउंडच्या फेरीला आला की माझ्याकडे बघत उभा राही आणि साहेबांना ते ठाऊक होते. “फ्रायडे, यू गो. स्लो, स्लो,” एवढेच साहेब म्हणाले. वही पिशवीतच राहिली, चुकून की मुद्दाम, मला आजवर कळलेले नाही.

हरिदासने मला गुदैबियातल्या याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीच्या दाराबाहेर ठेवले. रोज रात्री फडक्याने पुसायचा. खोलीतली माणसे त्याला हसत. “बायकोला पत्र कमी अन् सायकलीला पुसणं जास्त!” पण खरे सांगायचे तर एवढे लाड साहेबांनीही केले नव्हते. शुक्रवार इथला सुट्टीचा दिवस. दर शुक्रवारी पहाटे आम्ही निघायचो, आणि अशाच एका शुक्रवारी तो माळ त्याला दिसला.

तो पायडल मारायचाच थांबला. उतरला, मला आडवी ठेवली, चपला काढल्या आणि हात जोडले.

“स्तूप!” तो म्हणाला. “अरे बाप्पा, केवढे स्तूप!”

मित्रांनो, त्याला हसू नका. हरिदास बौद्ध. लहानपणापासून त्याने पुस्तकात सांचीचे चित्र पाहिलेले, आणि त्याच्या वडिलांनी तर सांचीला जायचा ध्यास घेतलेला. खाणीवर काम करताना पाय मोडला आणि त्यांचे जाणे राहिले ते राहिलेच. अशा माणसाच्या मुलाने गोल, भरीव, मातीची टेकाडे पाहिली तर त्याला दुसरे काय आठवणार? त्यात त्याने पिशवीतली वही उघडली. फ्रेंच त्याला येत नव्हते, चित्र मात्र दिसले. आत दगडी कोनाडा, कोनाड्यात हाडे.

“पाह्य, आत अस्थी हायेत! हातच्या काकणाले आरसा कायले पाह्यजे?”

मी जिवाच्या आकांताने ओरडणार होते, पण सायकलीला तोंड नसते, आणि मुक्या घंटीने काय सांगावे?

पुढच्या आठवड्यात त्याचा मित्र समाधान कंपनीचा पिकअप घेऊन आला. समाधान परभणीकडचा, स्टोअरकीपर आणि गुदैबियातल्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी. त्याने टेकाडापुढे हरिदासचा आणि माझा फोटो काढला. फोटो गावी गेला. वडिलांचे उत्तर आले ते हरिदासने दाराशी उभे राहून तीनदा वाचले. विहारात सगळ्या वस्तीसमोर त्यांनी पत्र वाचून दाखवले होते आणि फोटोला फ्रेम करून भिंतीवर लावले होते. शेवटी लिहिले होते, “माह्या नशिबी सांची नव्हती. तुह्या हातानं माह्या नावाची एक मेणबत्ती लाव, म्हंजे म्या जाऊन आलो.”

इकडे मंडळानेही ठरवले की यंदा बुद्धपौर्णिमेनंतरच्या शुक्रवारी बस करायची आणि सगळ्यांनी माळावर जाऊन वंदना घ्यायची. हरिदास पुढे बसून रस्ता दाखवणार होता. कंपनीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे, ‘एसीवाला’ म्हणत. मंडळात तो ‘स्तूप शोधणारे हरिदासभाऊ’ झाला होता. त्याची मान थोडी ताठ झाली होती, आणि मला ते आवडत होते, हे कबूल करते.

खालच्या मजल्यावर इक्बाल राहायचा. रत्नागिरीचा, एका कॉन्ट्रॅक्टरकडे क्लार्क. एका गुरुवारी संध्याकाळी हरिदास माझ्या साखळीला तेल घालत होता. त्याने इक्बालला कौतुकाने बसचा बेत सांगितला आणि वही दाखवली. इक्बालने चित्र पाहिले आणि तो पायरीवर बसला.

“हरिदास, हे स्तूप नाय रे बाबा. कबरी हायत.”

“कोन म्हंते?”

“मी म्हणतो. आमच्या साइटवर घरांसाठी जमीन सपाट करायची होती, तेव्हा म्युझियमची माणसं आधी येऊन एकेक उघडत होती. मी डोळ्यांनी बघितलं. अस्साच, पाय मुडपून निजलेला माणूस. बाजूला मडकं. चार हजार वर्षं झाली म्हणाले. तुमचे बुद्ध कधीचे?”

“अडीच हजार,” हरिदास हळूच म्हणाला. तेलाची बुधली त्याच्या हातात तशीच राहिली आणि माझ्या साखळीवर गरजेपेक्षा दुप्पट तेल सांडले.

इक्बालला त्याची दया आली. “बघ, इथे कुणाला ठाऊक हाय? झाकली मूठ सव्वा लाखाची. एक दिवस जाऊन या, खलास. मी काय कुणाला बोलणार नाय.”

त्या रात्री हरिदास दोनदा बाहेर आला आणि माझ्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. मंडळाचे हसू तो झेलू शकला असता. पण विहारातला तो फोटो! म्हातारा रोज त्याच्यापुढे बसत असेल. एका पत्राने त्यांची सांची दुसऱ्यांदा हिरावून घ्यायची होती, आणि ती मुलाने.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारची बैठक त्याच्याच खोलीत होती. दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले. पंचशील तोच सांगायचा आणि बाकीचे मागून म्हणायचे. पहिली तीन शीले झाली. चौथे शील खोटे न बोलण्याचे. तिथे तो थांबला.

“मले आधी एक सांगू द्या,” तो म्हणाला. “ते स्तूप नाहीत. कबरी हायेत. माही चूक झाली.”

खोलीत एकच गलका झाला. समाधान तर उठूनच उभा राहिला. “आता काय बोलायलास, हरिदास? बस सांगून बसलो मी! लोकाला काय तोंड दाखवू?”

“माहं दाखवा,” हरिदास म्हणाला. “चूक माही हाये.”

मग त्याने चौथे शील पूर्ण केले आणि पाचवेही. बस रद्द झाली. पौर्णिमा खोलीतच साजरी झाली, खीर वाटली, आणि कुणी कुणी त्याला ‘कबरी शोधणारे भाऊ’ म्हणून चिडवलेही. त्याने वडिलांना पत्र टाकले आणि महिनाभर मला हात लावला नाही. माझ्यावर धूळ बसली. मला राग आला नाही, फक्त फार वाईट वाटले.

जूनमध्ये उत्तर आले. पाकीट फोडायला त्याचे हात धजेनात, तेव्हा इक्बालनेच फोडले आणि मोठ्याने वाचले.

“हरिदास, तुहं पत्र विहारात वाचून दाखवलं. भिंतीवरून फोटो उतरवला नाही. त्याच्याखाली चिठ्ठी लावली: हे स्तूप नव्हत. माह्या पोराची चूक झाली, अन् त्यानं आपल्या तोंडानं सांगतली. आता लोक फोटो कमी पाह्यतात, चिठ्ठी जास्त वाचतात. मेणबत्तीचं इसरू नको. माह्या नावाची नाही. ज्याईच्या कबरी हायेत त्याईच्या नावाची लाव. चार हजार वर्सं झाली, त्याईले कोनं इचारलं?”

हरिदास पायरीवर बसून रडला, आणि त्याने ते लपवले नाही.

त्या शुक्रवारी पहाटे इक्बालही भाड्याची सायकल घेऊन बरोबर आला. माळावर वारा होता. काडी पेटेना. तेव्हा त्यांनी मला आडवी केली आणि माझ्या पिशवीच्या आडोशाला मेणबत्ती लावली. हरिदासने हात जोडले, इक्बालने दोन्ही तळवे उघडले. आत निजलेल्याचा धर्म कोणता, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ज्योत थोडा वेळच टिकली, पण टिकली.

परतण्याआधी हरिदासने साहेबांची वही काढली आणि त्या चित्राखाली मराठीत लिहिले, “हे स्तूप नाहीत, माणसांच्या कबरी आहेत. मी फसलो होतो, तुम्ही फसू नका. हरिदास.”

१९९९ मध्ये नोकरी संपवून तो गावी गेला. जाताना मला पुसून, हवा भरून इक्बालला देऊन गेला. इक्बालचे गुडघे दुखू लागले आणि मी जिन्याखाली आले. कुणाची तक्रार नाही. प्रत्येक वस्तूला एक जिना मिळतोच.

पण मित्रांनो, येत्या शुक्रवारी मला उचलायला आलात तर आधी माझी डावी पिशवी उघडा. वही तिथेच आहे. मला सगळे ठाऊक असून सांगता आले नाही, तुम्हाला तर तोंड आहे. जुने काही दिसले की कुणाला तरी विचारा, आणि चुकलात तर सांगून टाका. मला भंगारात टाकायचे तर टाका. वही मात्र कुणाच्या तरी हातात द्या. त्या माळावर फलक लागल्याचे अजून तरी माझ्या कानावर आलेले नाही.