डॉक्टर काय म्हणतोय

मुख्तार इथली, आखातातली नोकरी सोडून कायमचा गावी गेला, तेव्हा शेवटचा महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. एअरपोर्टलाही गेलो नाही. आपण चाललोय हे त्याने मला सगळ्यांच्या देखत, जेवणाच्या दस्तरखानावर सांगितलं आणि माझं टाळकं फिरलं. पंधरा वर्षांची दोस्ती, आणि मला चारचौघांबरोबर कळतं म्हणजे काय? नंतर म्हसळ्याहून त्याचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. मग त्याने करणं सोडून दिलं. माझी बायको नाझिश म्हणते, तुमचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. असतो. मी कुठे नाही म्हणतो?

हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय राजनचं प्रकरण कळायचं नाही.

राजन सखीरला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये आहे आणि मी मआमीरला एसीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. तो पुण्याचा, मी श्रीवर्धनचा. मनामा शहरात एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, तो तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पाचव्या. बारा वर्षांपूर्वी ऐन ऑगस्टात त्याचा एसी बंद पडला. मी जाऊन चालू करून दिला, आणि तेव्हापासून हा बाबा माझ्या घरी जेवतोय. त्याची बायको उल्का मुलगी इरावतीच्या शाळेसाठी दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेली, तेव्हापासून तर शुक्रवार आमच्याकडेच. नाझिश त्याला राजनभाई म्हणते आणि सांदणं केली की पहिलं त्याच्या ताटात वाढते. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

राजनला परदेशी पिक्चरचं भलतं वेड. शहरात एक छोटा हॉल आहे, तिथे महिन्यातून एका शनिवारी दुपारी चारला पिक्चर दाखवतात. खाली बहुतेक वेळा अरबी अक्षरं येतात. ती राजनला वाचता येत नाहीत. मला येतात. अक्षरं लहानपणी मदरशात शिकलो, अर्थ इथे बावीस वर्षांत आला. म्हणून आम्ही मागच्या कोपऱ्यात बसतो, मी वाचतो आणि त्याच्या कानात मराठीत सांगतो. पुस्तकी अरबी सगळीच काही मला कळत नाही. दहातली दोन वाक्यं मी माझ्या मनाची घालतो. राजनने कधी तक्रार केली नाही. त्या शनिवारांसाठी मी शिफ्ट बदलून घ्यायचो आणि माझ्या गाडीतून त्याला न्यायचो. कुणाला समजणार नाही अशा पिक्चरला जातोस, असं वर्कशॉपमधला झुबेर चिडवायचा. चिडवू दे.

गेल्या महिन्यात नाझिशने मला विचारलं की पुढच्या आठवड्यात तुमची शिफ्ट कधी आहे. सतरा वर्षांच्या लग्नात तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी कधी येतो, हे तिला लिफ्टच्या आवाजावरून कळतं. मग एका शुक्रवारी मी हात धुऊन बाहेर आलो, तर ती आणि राजन बोलता बोलता गप्प झाले. राजन लगेच म्हणाला, कालवण फक्कड झालंय. कालवण अजून ताटात पडलं नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मंगळवारी दुपारी एक पार्ट आणायला मी सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात गेलो होतो. समोरच्या कपड्यांच्या दुकानातून दोघं बाहेर आले, नाझिश पुढे आणि राजन मागे, दोन पिशव्या घेऊन. कशावर तरी हसत होते. मी एका खांबामागे उभा राहिलो. चोरासारखा मी लपलो, ते दोघं नाही लपले. संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, आज कुठे गेली होतीस? ती म्हणाली, कुठे जाणार, घरीच होते.

तीन दिवस मला घास गेला नाही. नाझिशला तोंडावर विचारायची हिंमत नव्हती, कारण ती हो म्हणाली असती तर? आणि आता खरं सांगतो, ते तिला कळलं तर मला घरात जेवायला मिळणार नाही. खांबामागे उभा असताना पहिला विचार बायको गेली असा आलाच नाही. राजन गेला, असा आला. तिच्याशी तो मला न सांगता हसतोय, हे मला जास्त लागलं. ठरवलं, शनिवारी त्याचा निकाल लावायचा. मग खलास, तो त्याच्या मजल्यावर, मी माझ्या.

शनिवारचा पिक्चर फ्रेंच होता, कॉमेडी. राजनने आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं की हा चुकवायचा नाही. आता नशीब बघा, पिक्चर कशावर, तर छोट्या गावातला एक दाताचा डॉक्टर असतो, त्याला संशय येतो की आपली बायको आपल्याच जिगरी दोस्ताबरोबर फिरते. डॉक्टर कपाटात लपतो, सायकलवरून बायकोचा पाठलाग करून नाल्यात पडतो. हॉल खो खो हसत होता. मी दातओठ खात भाषांतर करत होतो.

मग तो सीन आला. दोस्त दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे येतो. डॉक्टर त्याला खुर्चीत आडवा करतो, तोंडात दोन अवजारं घालतो आणि त्याला प्रश्न विचारायला लागतो. दोस्त नुसता आ आ करतो.

"डॉक्टर काय म्हणतोय?" राजनने विचारलं.

खाली अक्कलदाढेबद्दल काहीतरी आलं होतं. मी ते वाचलं आणि सोडून दिलं.

"डॉक्टर म्हणतोय, मंगळवारी दुपारी तू कुठे होतास?"

 मी पुढे सांगत गेलो. डॉक्टर म्हणतोय, माझ्या बायकोबरोबर बाजारात काय करत होतास? डॉक्टर म्हणतोय, बारा वर्षं माझ्या घरी जेवलास, तुला काही कमी केलं का? माझा आवाज चढला असावा, कारण पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं. पडद्यावर डॉक्टरने ड्रिल चालू केलं होतं आणि लोक पोट धरून हसत होते.

 राजन माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "खिजर, हा पिक्चर मी पुण्यात दोनदा पाहिलाय. इथे तो फक्त अक्कलदाढ विचारतो."

मला घाम फुटला. एसी चांगला चालू होता, ते मला कळतं.

"मग इथे कशाला आलास?"

"माझा शेवटचा शनिवार आहे," राजन म्हणाला. "राजीनामा दिलाय. गुरुवारी जातोय. इरावतीची दहावी आहे, उल्का म्हणाली, आता पुरे."

मग त्याने सगळं खाली मान घालून सांगितलं. नाझिशला दीड महिन्यापूर्वी सांगितलं होतं. मला आपण स्वतः सांगू, तोपर्यंत भाभी तुम्ही बोलू नका, अशी तिच्याकडून शपथ घेतली होती. बाजारात उल्का आणि इरावतीसाठी कपडे घ्यायचे होते, त्यातलं त्याला काही कळत नाही, म्हणून ती बरोबर गेली होती. दर शुक्रवारी तो सांगायचं ठरवून वर यायचा आणि जेवून खाली जायचा.

"मला का नाही सांगितलंस?"

"मुख्तारचं काय केलंस ते मी बघितलंय," तो म्हणाला. "मला महिना वाया घालवायचा नव्हता."

माझ्या डोक्यात पुन्हा सणक गेली. संशय खोटा निघाला म्हणून माणसाने शुक्र मानावा, तर मला दुसराच राग आला. म्हणजे परत मीच शेवटी. बायकोला माहीत, सगळ्या जगाला माहीत, आणि खिजर कोण? मी उठलो. मागून कुणीतरी म्हणालं, बैठो ना भाई. मी रांगेतून बाहेर पडलो, दारापर्यंत गेलो, दाराच्या दांडीवर हात ठेवला.

तिथे मला मुख्तारचा फोन आठवला. टेबलावर फोन वाजत होता, त्याचं नाव दिसत होतं, मी हात बांधून बसलो होतो आणि नाझिश समोर उभी राहून बघत होती. उचला ना, एवढंच ती म्हणाली होती. आज त्याचा नंबर लागत नाही. मी तीनदा लावून पाहिलाय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि त्याच नाझिशने हा स्वभाव ओळखून दीड महिना तोंड मिटलं, माझ्याशी खोटं बोलली, आणि मी खांबामागे उभा राहून तिच्याबद्दल नाही ते मनात आणलं. मला माझी लाज वाटली. साफ लाज वाटली.

मी परत गेलो आणि बसलो. पडद्यावर डॉक्टर आणि त्याचा दोस्त शेजारी शेजारी बसून मासे पकडत होते, दोस्ताचा गाल सुजलेला होता. दोघांपैकी कुणीतरी बोललं, खाली दोन ओळी आल्या. मला त्या वाचता येईनात, डोळ्यांत पाणी होतं. संगीत सुरू झालं, लोक उठायला लागले. आम्ही उठलो नाही.

"डॉक्टर काय म्हणतोय?" राजनने विचारलं.

"डॉक्टर विचारतोय, गुरुवारी विमान किती वाजता आहे."

"सकाळी अकरा."

पडद्यावर तेव्हा नुसती नावं वर सरकत होती.

"डॉक्टर म्हणतोय," मी म्हटलं, "टॅक्सी सांगू नकोस."